वाटेवरच्या लोकांची पानं

४ ऑगस्ट, सोम.
सकाळी दारात तिघं. बाप, मुलगी आणि बापाचा बाप. पिंपळगाव बसवंतहून पहिल्या एसटीनं आलेले. सेतू केंद्रातल्या बाईंनी माझं नाव सांगितलं म्हणे, 'मोडी वाचणाऱ्या बाई'. पोस्टातून रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता स्वस्थ बसेन. तर गेली दोन वर्षं अख्खा जिल्हा आपापल्या पणजोबांचे कागद घेऊन माझ्या जिन्यात.

बाप संजय साळुंके. विळे-खुरपी घडवतो, हायवेला पत्र्याचं दुकान. जात घिसाडी. मुलगी कोमल, हिला सरकारी मेडिकलला जागा लागलीय, भटक्या जमातींच्या राखीव जागांतून. पण तात्पुरती. सप्टेंबरअखेर जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर जागा गेली. आणि पडताळणी समितीनं त्रुटी काढलीय: एकसष्ट सालाआधीचा, 'घिसाडी' असं लिहिलेला एक तरी कागद आणा. यांच्याकडे त्या काळातला शाळेचा कागद एकच, म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाचा. त्यावर मास्तरांनी लिहिलंय 'लोहार'. भाता दिसला, ऐरण दिसली, लिहून मोकळे. लोहारांची यादी निराळी, यांची निराळी.

डब्यात जपलेला एक मोडी कागद आणला होता. उघडला तर बैलजोडी घेतल्याची पावती. शिंगांचं वर्णन आहे, कपाळावरच्या ठिपक्याचं आहे, माणसाची जात नाही. सांगितलं तसं. मुलीनं कागद जुन्या घड्यांवरच पुन्हा घडी करून डब्यात ठेवला.

म्हातारा, किसनबाबा, म्हणाला, "गाव नाय, शेत नाय, मंग कागद कुठून यायचा बाई?"

जाताना सहज विचारलं, तुमच्यात अस्थी कुठे नेतात? म्हणाला, नाशकालाच, कुठंबी असू, हाडं नाशकाला. ते ऐकलं आणि रामकुंडावरच्या माझ्या भावाच्या, दादाच्या, नोंदवह्या आठवल्या. पण बोलले नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.
का बोलले नाही? दादाच्या वह्या दादाच्या, म्हणून. हे एक.

दुसरं लिहायला हात जड होतोय. माझ्या मुलाचं, निखिलचं, इंजिनियरिंग हुकलं त्या वर्षी मी चार दिवस चूल पेटवली नव्हती. 'खालच्या मार्कांची पोरं पुढे बसली' हे वाक्य मी ऑफिसात किती जणांना ऐकवलं असेल. आज तो कॅनडात आहे, छान आहे. पण मनातली अढी जागच्या जागी. काल ती मुलगी डबा बंद करत होती तेव्हाही होती. खोटं कशाला लिहू, ही वही तर माझीच.

गुडघे वाईट.

७ ऑगस्ट, गुरु.
कोमल एकटी आली. बैलपावती नीट वाचून द्याल का, म्हणाली. तारीख तरी कळेल. दिली वाचून. मग स्वतःच म्हणाली, मला दोन अक्षरं दाखवता का. दाखवली. तासाभरानं पावतीतला 'पांढरा' तिनं माझ्या मदतीशिवाय वाचला. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मोडी शिकवलं तेव्हा हे यायला मला पंधरवडा लागला होता, आणि आमच्या घरात चार पिढ्या अक्षरं लिहीत होत्या.

अभ्यास कुठे करायचीस, विचारलं. दुकानात. आवाजात? "ठोक्यावर पाठ लवकर होतं," म्हणाली. मार्कांचा कागद तिनं दाखवला नाही, मीच मागितला. पाहिला. पुन्हा पाहिला. हे काही खालचे मार्क नव्हते.

९ ऑगस्ट, शनि. राखीपौर्णिमा.
पंचवटीत दादाकडे. जाताना द्वारका चौकात रिक्षा पाऊण तास अडकली, तेवढ्यात काय बोलायचं ते ठरवलं आणि तिथे पोहोचल्यावर सगळं विसरले.

आमच्या घरी रामकुंडावरची उपाध्येपणाची वृत्ती, म्हणजे पिढीजात हक्क. कोण यजमान कधी आला, कुणाच्या अस्थी घेऊन, बरोबर कोण, हे पणजोबांपासून वह्यांत लिहिलेलं. गावाप्रमाणे, गावात जातीप्रमाणे. आलेला माणूस आपलं गाव आणि बापआज्यांची नावं सांगतो, मग त्याचं पान उघडायचं. दुसऱ्या कुणाला ते दाखवायचं नाही आणि वही घराबाहेर न्यायची नाही. मुलींनी तर कपाटाला हातही लावायचा नाही. मोडी मात्र तात्यांनी मलाच शिकवलं, कारण दादा कंटाळा करायचा.

ओवाळलं. ओवाळणी काय देऊ म्हणाला. म्हटलं, वह्या बघू दे. चार दिवस. वहिनीचा हात ताटातच थांबला. दादा सगळं ऐकून म्हणाला, सुमे, घिसाड्यांना गाव कुठलं? गावच नाही तर पान कुठलं? मग उठला आणि कपाटाची किल्ली माझ्या तबकात टाकली.

१० ऑगस्ट, रवि.
लाल फडक्यातून अकरा वह्या काढल्या. वास कापराचा आणि वाळवीच्या औषधाचा. पिंपळगावच्या पानांपासून सुरुवात. कुणबी, माळी, वाणी, शिंपी, तेली. घिसाडी नाही.

११ ऑगस्ट, सोम.
निफाडकडची सगळी गावं. नाही. म्हातारा म्हणाला होता की कांद्याच्या हंगामात देवळा तालुक्याकडे जायचे, म्हणून देवळाही काढला. नाही. आजोबांचं अक्षर मात्र काय! एका ओळीत एक घर बसवलंय. कोण कुणाचा कोण, सगळं.

१२ ऑगस्ट, मंगळ.
नाही. डोळे चुरचुरतात. दादा येता-जाता 'सांगितलं होतं ना' अशा चेहऱ्यानं बघतो, बोलत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. उद्या शेवटचं.

१३ ऑगस्ट, बुध.
सापडलं.

क्रमानं लिहिते. सातव्या वहीची मागची वीसेक पानं आम्ही सगळे कोरी समजत आलो. शेवटी शेवटी शाई उलटी उमटलेली दिसायची, ती पलीकडची फुटलेली असं तात्याही म्हणायचे. आज वही फडक्यात ठेवताना उलटी झाली. खालची बाजू वर. आणि मागून पुढे वाचायची म्हणून आजोबांनी निराळीच सुरुवात केलेली दिसली. वर मथळा: 'वाटेवरचे लोक'.

ज्यांना गाव नाही ते सगळे इथे. त्यांची पानं गावाप्रमाणे कशी लावणार? तर पावसाळ्याचा मुक्काम कुठे पडतो, त्याप्रमाणे लावलेली. चार महिने बैल जिथे सुटतात ते यांचं गाव. नंदीवाले, वैदू, गोंधळी, घिसाडी. आम्ही इतकी वर्षं या वह्यांना फुलं वाहतो, आणि एवढी माणसं त्यात पाठमोरी बसलेली, कुणाला ठाऊक नव्हती.

तिसऱ्या पानावर, जसंच्या तसं उतरवते:

'शके १८६९ आश्विन वद्य. घिसाडी, आडनांव साळुंके. राणू बिन भिका, सोबत पुत्र गणपत. मातुश्री तुळसा हिच्या अस्थी. मुक्काम पिंपळगांव बसवंत, ओढ्याकांठीं. गाड्या तीन. पुराणोक्त, पायरीखालून. दक्षिणेबद्दल विळी एक.'

शके १८६९ म्हणजे सत्तेचाळीस साल. एकसष्टच्या चौदा वर्षं आधी. मी मोठ्यानं रडले. दादा आतून धावत आला, त्याला वाटलं पडले.

१४ ऑगस्ट, गुरु.
दादानं रात्रभर विचार केलेला दिसतो. सकाळी फोन. आवाज घोगरा. वाचलं मी, म्हणाला. ते 'पायरीखालून' वाचलंस ना? साहेब लोक वाचतील. आजोबांचं नाव कागदोपत्री लागेल. पुसट झेरॉक्स दे, म्हणाला, ती ओळ आली नाही तरी चालेल.

म्हटलं, ती ओळ खोडलेली झेरॉक्स कोण धरेल? मग राहू दे म्हणाला आणि फोन ठेवला.

काय राहू दे? झेरॉक्स, की सगळंच?

दक्षिणेऐवजी आलेल्या त्या विळीचा विचार दिवसभर. कुठे गेली असेल. आईला विचारलं असतं. आई जाऊन आता सहा वर्षं.

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदन सोसायटीत. भाषणात समान संधी, समान संधी. दरवर्षी ऐकते, दरवर्षी जिलबीकडे लक्ष असतं. या वेळी ते तिसरं पान डोळ्यांपुढून हलेना. समान संधीसाठी सरकार त्यांच्याकडे कागद मागतं. आणि तो कागद त्यांना पायरीखाली उभं करणाऱ्याच्या घरात, उलटा. याला न्याय म्हणायचं की थट्टा, मला सांगता येत नाही. पण एवढं खरं की हे सगळं ज्यानं कुणी ठरवलं, त्या कायद्यानं आज माझ्यासारखीला आपल्याच कपाटापुढे उभं केलं.

१७ ऑगस्ट, रवि.
दादाकडे किसनबाबा आले. संजय, कोमल बरोबर. काल दादानंच पुन्हा फोन करून बोलवा म्हटलं, पण अट घातली: रीत मोडायची नाही. आधी त्यांनी नावं सांगायची, मग पान उघडायचं. मी कोमलला एक अक्षर सांगितलं नव्हतं. जुळलं नाही तर काय, हाच विचार सकाळपासून.

म्हातारा पाटावर बसायला तयार होईना. दादानं दोनदा सांगितलं तेव्हा बसला. डोळे मिटले आणि एका लयीत म्हणाला, मी किसन, माझा बाप गणपत, गणपतचा बाप राणू, राणूचा भिका, भिक्याचा सावळ्या, सावळ्याचा... अशी नऊ नावं, न अडखळता. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. आमच्या घरात आजोबांच्या पलीकडचं नाव निखिलला येत नाही.

दादानं वही उलटी केली, बोट ठेवलं आणि वाचलं. राणू बिन भिका, सोबत पुत्र गणपत. संजयनं भिंतीला हात टेकला. कोमल माझ्या दंडाला घट्ट धरून.

पुढे दादा वाचत गेला, मातुश्री तुळसा. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"काय नाव म्हनला?"

"तुळसा. तुमची पणजी."

"आमाला बापांचीच नावं पाठ दिली. बाया कुनी सांगितल्याच नाय." मग बराच वेळ नुसतं तुळसा, तुळसा. जात, समिती, मेडिकल, सगळं विसरून. पंचाहत्तरीच्या माणसाला त्याची पणजी आज भेटली.

पुढची ओळ दादा वाचेना. मी वाचली. पुराणोक्त, पायरीखालून. पुराणोक्त म्हणजे वेदमंत्र नाहीत. किसनबाबांनी मान हलवली, तसंच असायचं, म्हणाले. कोमल मात्र म्हणाली, "मग लिहून कशाला ठेवलं यांनी?" मी गोड काहीतरी सांगू शकले असते. खरं सांगितलं: यजमान दुसऱ्या उपाध्याच्या हाती जाऊ नये म्हणून. धंदा होता तो. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, तरी लिहिलं ना.

१९ ऑगस्ट, मंगळ.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, मोडीचं लिप्यंतर दिलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, मूळ वही कुठाय? घरी. आणावी लागेल. शिवाय आधी दक्षता पथक घरी येऊन तपासणार. वही खरी का, शाई जुनी का, घर कुणाचं, सगळं.

दादाला अजून सांगितलेलं नाही.

२० ऑगस्ट, बुध.
सांगितलं. वही घराबाहेर जाणार नाही, म्हणाला. वहिनीनं चहा केला, तोही तसाच राहिला.

निखिलचा फोन. सगळं ऐकून म्हणाला, आई, तू? त्यांच्यासाठी? मी रागावणार होते, पण त्याला हे 'त्यांच्यासाठी' शिकवलं कुणी? म्हटलं, हो, मी.

३ सप्टेंबर, बुध.
दक्षता पथकाच्या बाई दादाकडे येऊन गेल्या. गणपतीच्या गर्दीतून वाट काढत. वयानं माझ्या निम्म्या. पुढून, मागून, प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं. मध्ये कुठे पान चिकटवलंय का, बोटानं चाचपून. मग मथळ्यापाशी थांबल्या आणि 'वाटेवरचे लोक' दोनदा वाचलं. उठताना म्हणाल्या की अशी नोंद नोकरीत पहिल्यांदा पाहिली. खासगी वही आहे, सरकारी दप्तर नाही, वजन किती द्यायचं ते समिती ठरवेल. सुनावणी दहाला.

दहा म्हणजे पितृपक्षाचा तिसरा दिवस. दादाला वर्षात उसंत नसते ती याच पंधरवड्यात.

९ सप्टेंबर, मंगळ.
दादाचा फोन नाही. मी केला नाही. संजयनं तीनदा केला, काय सांगू त्याला.

१० सप्टेंबर, बुध.
साडेदहाला मी, कोमल, संजय, किसनबाबा समितीच्या पायऱ्यांवर. माझ्याकडे फक्त झेरॉक्स. अकराला कुंडावरून दादा तसाच आला. सोवळ्यावर सदरा चढवलेला, कपाळाला गंध, पायांना ओला चिखल, छातीशी लाल फडकं. सकाळचे सात यजमान चुलत पुतण्याच्या गळ्यात टाकून आलेला. म्हणाला, वही घराबाहेर जात नाही, मी घरच घेऊन आलोय.

आत तीन अधिकारी. अध्यक्षबाईंनी दादाला विचारलं, अर्जदारांशी तुमचं नातं काय? मला वाटलं, म्हणेल काही नाही. दादा म्हणाला, आमचे यजमान आहेत, चार पिढ्यांचे. संजयनं मान वर केली.

मग बाईंनी त्या ओळीवर पेन ठेवलं. 'पायरीखालून' म्हणजे काय?

दादा खाली बघत होता. मला वाटलं आता मीच बोलावं.

"म्हणजे आमच्या आजोबांनी यांना वर येऊ दिलं नाही," दादा म्हणाला. "हात न लावता, लांबून विधी केला. नोंदीत तेच लिहिलंय."

बाईंनी ते लिहून घेतलं. शब्दन् शब्द. अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ, ज्यानं आयुष्यात घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेली नाही, सरकारी टेबलापुढे हे बोलला. अभिमान वाटला. लाजही वाटली. दोन्ही एकदम.

मग बाईंनी विचारलं, शाळेत लोहार आणि वहीत घिसाडी, खरं कोणतं धरायचं? किसनबाबा उठून उभे राहिले. मास्तरनं काम बगितलं, म्हणाले, या भटानं मानूस इचारला. बस, एवढंच.

निर्णय कळवू, असं अधिकारी म्हणाले.

१५ सप्टेंबर, सोम.
काही नाही.

१८ सप्टेंबर, गुरु.
ऑनलाइन पाहिलं. 'निर्णयासाठी प्रलंबित'. कोमल दिवसातून दहादा बघत असेल, मीच पाचदा बघते. तिच्या कॉलेजचे वर्ग सुरू झालेत. तात्पुरती म्हणून बसतेय. पहिल्या दिवशी शरीर पाहिलं, बाई, असा मेसेज आला. आतलं सगळं कुठे असतं ते जागच्या जागी आहे, चुकत नाही. मी तो मेसेज तीनदा वाचला.

एक जागा. निखिलच्या वेळी वाटायचं, आपली कुणीतरी नेली. आज वाटतं की ही जागा सत्तेचाळीसपासून, त्याच्याही फार आधीपासून, कुणीतरी पायरीखाली उभं राहून धरून ठेवली होती. अढी गेली का? बरीचशी. सगळी म्हटलं तर खोटं होईल.

२१ सप्टेंबर, रवि. सर्वपित्री अमावास्या.
कुंडावर पाय ठेवायला जागा नाही. साळुंके मंडळी आली, कोमलही रात्रीच्या गाडीनं आलेली, डोळे सुजलेले. तुळसाचं श्राद्ध करायचं म्हणाले. नाव कळल्यावर कसं राहवणार? दादानं त्यांना पुढ्यात बसवलं. पिंड किसनबाबांच्या हातावर स्वतःच्या हातानं ठेवला. गर्दीत कुणाचं लक्षही नव्हतं. माझं होतं.

नंतर घरी. दादानं सातवी वही उलटी केली. त्या पानावर सत्तेचाळीसच्या ओळीखाली जागा तशीच होती, अठ्ठ्याहत्तर वर्षं. दादा मोडी लिहिण्यात कच्चा, म्हणून देवनागरीत लिहू लागला. घिसाडी, साळुंके. किसन बिन गणपत. पणजी तुळसा हिचं श्राद्ध. सोबत पुत्र संजय. मग थांबून, नात कोमल. आमच्या वह्यांत आलेल्या मुलीचं नाव आजवर कुणी लिहिलेलं नाही, मी सगळ्या चाळल्यात. मुक्काम काय, विचारलं. पिंपळगाव बसवंत, पक्कं घर, संजय म्हणाला.

मग दादानं तिला विचारलं, हल्ली व्यवसायही लिहितो आम्ही. तुझा काय लिहू?

कोमलनं फोन काढला, साइट उघडली. चक्र फिरत राहिलं. मग तेच, प्रलंबित. नऊ दिवस उरलेत. तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, आत्ता नका लिहू काका.

दादानं 'व्यवसाय' एवढं लिहिलं, पुढे चार बोटं जागा सोडली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.